त्या सीनले वन्समोर नको

मोरबी, गुजरात
२ नोव्हेंबर २०२५, रविवार

प्रिय राजदीपदादा,

सप्रेम जयभीम. मी इथी बरा हाव, तुम्ही सगळे बरे असान. आईच्या गुडघ्याचं कसं हाय? बाबाले सांगजो का धान कापणीच्या धावपळीत जेवणाची येळ चुकवू नको. आपल्या बहिणीचा, संघप्रियाचा पेपर कसा गेला ते तिनं मले कळवलं नाई, म्हणजे कसा गेला ते समजलं.

पत्र पाहून तू हसशीन. म्हणशीन, आठवीत शाळा सोडली अन् आता पत्र लिहाले बसला. पण फोन केला तं तू दुकानात राहते, रिचार्जवाले चार लोक डोक्यावर उभे राहते. व्हॉट्सअॅपवर टाकलं तं तू नाटक मंडळाच्या ग्रुपवर ढकलशीन. म्हणून पोस्टानं. अक्षर लागलं नाई तं संघप्रियाकडून वाचून घे.

इथी काम तेच. टाईल्स भट्टीतून येते, आम्ही खोक्यात भरतो, खोकं डोक्यावर घेतो, थप्पी लावतो. संध्याकाळी सगळे पांढरे दिसतो, म्हातारे झाल्यावाणी. मले एका जागी बसवत नाई हे तुले माहीत हाय. सुरत सोडलं, पुणं सोडलं, पण इथी टिकलो. सोबत पोचूअण्णा हाय, सिरोंच्याकडचा. मराठी बोलते पण तेलुगूत भांडते. त्याच्या हातची आंबाडीची भाजी खाल्ली तं आपल्या आईचीही विसरशीन. हे आईले वाचून दाखवू नको.

आता नाटकाचं. मंडईच्या जत्रेच्या रात्री "आई, मी चाललो" होणार, अन् ते धनराजवर तू स्वतः लिहिलं, हे ऐकून बरं वाटलं. दोन वर्षं झाली त्याले जाऊन, तरी तू त्याले विसरला नाई. वडशाच्या नाटक कंपनीची हिरोईन बुक झाली म्हणजे खरंच मोठं नाटक हाय. पण मले येणं जमत नाई. मांगच्या साली मलेरियानं पडलो होतो, त्यात सगळ्या सुट्ट्या गेल्या. शेठ आता सुट्टी म्हटलं का दुसरीकडं पाहते.

तू म्हटलं, "तुले पाठांतर नाई, काही नाई, फक्त मढ्यावर पडून रडाचं हाय. तू त्याचा खरा दोस्त, तुले खरं रडू येईन." खरं हाय. पण रडाले दुसरा कोनी पाहा. झिंगूले घे, तो पैसे हरपले तरी रडते.

एक दोन गोष्टी इचारतो, सहज. तो शेवटचा सीन किती मोठा हाय? धनराजची आई, धुरपताबाई, कुठी बसणार? पोराचं नाटक म्हणून तिले पहिल्या रांगेत बसवशीन, पण तिले तू इचारलं का सांगितलं? अन् धनराजचं काम शेजारच्या लहानूनं काऊन घेतलं? तो तं नाटकात कधी पडद्याची दोरी ओढालेही येत नव्हता. पोलीस भरतीत दुसऱ्यांदा मांगं राहिला तवापासून तो कसा हाय?

उत्तर फोनवर दिलं तरी चालन.

तुया,
संघपाल


मोरबी
११ नोव्हेंबर

प्रिय राजदीपदादा,

जयभीम. हे पत्र संघप्रियाले देऊ नको. अक्षर लागलं नाई तं परत वाच.

परवा फोनवर तू लय बोलला. "दोस्ताच्या नाटकाले येत नाई, तू कायचा दोस्त? गुजरातच्या टाईल्सनं तुया काळजाचीही टाईल झाली." डायलॉग चांगला हाय, नाटकात टाक. मी फोन ठेवला कारण मांगं सात जण झोपून होते.

तालमीचा व्हिडिओ तू ग्रुपवर टाकला तो मी पाहिला. लहानू चिठ्ठी वाचते, गाणं म्हणते, मंग खाली पडते. पाहाले बसलेले लोक ओरडले, वन्समोर. लहानू उठला, अंगाचं धानाचं तणीस झटकलं, परत गाणं म्हटलं, परत मेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. झिंगूनं तं दहाची नोट काढून बक्षीस पुकारलं.

दादा, नाटकात मेला माणूस वन्समोरले उठते. धनराज नाई उठला. धुरपताबाईनं त्याले किती हाका मारल्या, तू बाजूलेच होता.

रातपाळी करून मी झोपलो होतो तं त्याच दिवशी लहानूचा फोन आला. लय खूष होता. म्हणे, "दादा, माया सीनले पाहाले बसलेला देवाजीकाका पण रडला. जितेपणी मले कोनी एवढं पाहिलं नव्हतं." मी म्हटलं, मंग आता पुढची भरती कधी? तं म्हणे, "पळणं सोडलं. बूट देऊन टाकले झिंगूच्या भावाले." ज्या बुटासाठी त्यानं दोन महिने मोहर्लीले हॉटेलात भांडे घासले, ते बूट.

तुले यात काही दिसत नसन. मले दिसते. काऊन दिसते ते सांगतो. फोनवर हे मायाच्यानं होत नाई.

मांगच्या साली मले मलेरिया झाला नव्हता.

धनराज गेल्यावर तुम्ही चौकात फ्लेक्स लावला होता. त्याचा हसता फोटो, मांगं पिवळा उजेड, बुद्धविहारात राहते तसा. "अमर मित्र." सगळ्यांच्या स्टेटसले तोच फोटो, तेच गाणं. मी दुरून मोबाईलवर रोज पाहो. पहिले रडू ये. मंग काही महिन्यांनी, कसं सांगू, मले त्याचा हेवा वाटे. वाटे का आपण इथी खोके उचलून मरतो, कोनाले आपलं तोंड आठवत नाई, अन् त्याचं नाव गावभर. आपलाही असा फोटो लागन. त्यात दादाच्या दुकानासमोर लागन तं बरं, तिथी लाईट राहते. असा हिशोब चाले माया डोक्यात. हसू नको. मीही आता हसतो, तवा नाई हसत होतो.

कारण एक नव्हतं. झोप लागे नाई, जेवण जाये नाई, कोनाशी बोलावंसं वाटे नाई, अन् आपण घरावर ओझं हाव असं वाटे. तू नाटकात लिहिलं का भरतीत राहिला म्हणून धनराज गेला. मले नाई वाटत. भरतीत तं आपल्या गावचे वीस पोट्टे राहिले. त्याच्या आत काय काय होतं ते आपल्याले कोनालेच माहीत नाई, अन् भरतीत राहिल्याचं हेच उत्तर हाय असं त्या वीस पोट्ट्यांले काऊन शिकवावं?

एका रविवारी दुपारी खोलीतले सगळे बाजारात गेले. मी आतून कडी लावली. पुढचं लिहीत नाई, लिहाची गरज नाई. दार वाजलं. पोचूअण्णा. म्हणे, "कडी काढ बे, मीठ पाहिजे." मी म्हटलं, नाई मीठ. तो म्हणे, "नाई म्हणासाठी तरी काढ." मंग म्हणे, "मी इथीच बसतो, भाजी करपली तं तुया नावानं."

मी कडी काढली. त्यानं मीठ मांगितलं नाई. माया तोंडाकडं पाहिलं अन् सरळ इचारलं, "मरून जावं असं येते काय रे मनात?"

असं कोनी इचारते काय? आपल्याकडं म्हणते, इचारू नये, नसलं तं डोक्यात येईन. पण दादा, ते डोक्यात होतंच. त्यानं इचारलं अन् मी हो म्हटलं, तं असं वाटलं का डोक्यावरचं खोकं कोनी दोन्ही हातानं खाली उतरवलं. खोकं होतंच, गेलं नाई. पण खाली होतं.

तो म्हणे, "मले यातलं काही समजत नाई बाबा. तू आंबाडी निवडू लाग." आम्ही भाजी निवडली. सगळे येऊस्तोवर तो हालला नाई. दुसऱ्या दिवशी पाळी बुडवून त्यानं मले सरकारी दवाखान्यात नेलं. तिथच्या भिंतीवर नंबर होता, १४४१६. पैसे लागत नाई, कवाही लावा, मराठीत बोलते. रात्री जीव घाबरला का मी तो लावो. तिकडची बाई नाव नाई इचारत, घाईही करत नाई. गोळ्या चार महिने घेतल्या. आता झोप येते, भूक लागते, तुया राग येते. म्हणजे बरा झालो.

तर तुले एवढंच म्हणतो. लहानूले ते काम देऊ नको. पण नुसतं काढूही नको, नाई तं तो म्हणन का एवढंही आपल्याले आलं नाई. आधी त्याच्याजवळ बस. दुकान बंद करून बस. आडून नको इचारू, उपदेश नको करू, "असे विचार करू नये" असंही नको म्हणू. पोचूअण्णानं इचारलं तसं इचार. हो म्हटलं तं एकट्याले सोडू नको अन् दवाखान्यात घेऊन जा.

अन् तो सीन काढून टाक. मले माहीत हाय, तू तीन महिने लिहिलं, टाळ्या त्याच सीनले हाय. पण कसा मेला ते दाखवू नको, चिठ्ठी नको, मढं नको, पिवळा उजेड नको. दार दाखव. आत लहानू, बाहेर कोनी तरी. तो दार वाजवते, आतला कडी काढते. मले लिहिता येत नाई, पण मी इथी दोन पानं खरडली, सोबत टाकतो. इंटरवलले बक्षिसांची नावं पुकारता, तवा तो नंबरही पुकारजो. हळू, दोनदा.

तू मले इचारलं होतं, "तू कायचा दोस्त?" धनराजचं दार मी वाजवलं नाई, मी सुरतेत होतो, मले माहीत नव्हतं. तुलेही माहीत नव्हतं. यात तुया दोष नाई, माया नाई. पण लहानूचं आता आपल्या दोघाले माहीत झालं.

आईले सांगू नको. नाई, सांग. पण मी आल्यावर सांग.

तुया जिता भाऊ,
संघपाल


मोरबी
२० नोव्हेंबर

प्रिय लहानू,

जयभीम. राजदीपदादाचा फोन आला होता. तू त्याच्याजवळ काय बोलला ते त्यानं मले सांगितलं नाई, फक्त म्हणे का "त्यानं हो म्हटलं, अन् आम्ही दोघं चंद्रपूरले दवाखान्यात जाऊन आलो." एवढं बोलून तो रडला. तू त्याले रडवलं, बक्षीस नाई मिळालं, पण हे मोठं काम केलं.

मीही एकदा तसंच हो म्हटलं होतं. आल्यावर सांगीन. गोळ्यांनी पहिले आठ-दहा दिवस तोंड कोरडं पडते, घाबरू नको, सोडूही नको. एखाद्या दिवशी परत तसंच वाटन. वाटलं म्हणजे सगळं गेलं असं नाई. तवा दादाले उठव, मले उठव, तो नंबर लाव.

धुरपताबाईले दादानं आता बरोबर इचारलं म्हणे. ती म्हणे, "माया पोट्टा मेला कसा ते सगळ्यांले माहीत हाय बापा. तो शंकरपटाच्या शर्यतीत बैलाच्या मांगं चिखलात पडला अन् हसत होता, ते दाखवा." तं पहिल्या अंकात चिखल हाय. पडणार झिंगू. त्याले अजून सांगितलं नाई.

नाटकाच्या फ्लेक्सवरच्या "चाललो"वर कागद चिकटवून "आलो" लिहिलं, ते वाकडं दिसते असं संघप्रिया म्हणे. दिसू दे.

झिंगूच्या भावाकडून बूट परत घे. त्याले ते मोठे होतात, मले माहीत हाय.

मले सुट्टी मिळाली. शेठले मी खरं सांगितलं, तं तो म्हणे जाऊन ये. पोचूअण्णा सोबत येऊन राह्यला, त्याले आपलं नाटक पाहाचं हाय. मी पाठांतर काही करत नाई, मायं काम बाहेर उभं राहाचं हाय. मी दार वाजवीन. तू लगेच नको काढू, तुले पाहिजे तेवढा वेळ घे, मी तिथीच राहीन. मंग कडी काढजो.

वन्समोर आला तं परत काढजो.

दाराबाहेर उभा,
तुया संघपालदादा