नाना, तुमची काळी पाटी नव्या मशीनवर चालली

नाना, तुम्ही गेल्यावर प्रेसमध्ये नवीन कॉम्प्युटर आला आणि त्याने मला जवळजवळ खुर्चीवरून उठवलंच होतं. ते तुम्हाला सांगायचं राहिलंय. मी मूळची लग्नपत्रिकांना घड्या घालणारी, चौथी शिकलेली. तुमचा ऑपरेटर काम सोडून जळगावला निघून गेला तेव्हा तुम्ही मला त्याच्या जागी, जुन्या कॉम्प्युटरवर बसवलंत. मी म्हटलं, मला इंग्रजी येत नाही. तुम्ही म्हणालात, "बरं शे ना मंग! भलतंसलतं दाबायची भीती नाही." पडदा काळाकुट्ट, मी त्याला पाटीच म्हणायचे. चार अक्षरं टाकली की मराठीचा प्रोग्राम उघडायचा. काम संपलं की दुसरी चार टाकायची, म्हणजे आतली सुई जागेवर बसते, आणि मगच बटण बंद. एकदा मला नरडाण्याला बहिणीकडे जायचंय, बस सुटेल म्हणून मी खटकन बंद करते, आणि तुम्ही गिऱ्हाइकासमोर ओरडता, "तुले किती डाव सांगू व माय! आधी तिले निजू दे, मंग बटन." मी तोंड वाकडं केलं, पण परत कधी चुकले नाही.

तुमच्या मागे तुमच्या मुलाने, म्हणजे भाऊंनी, नवं मशीन आणलं. पडद्यावर आभाळ, ढग, चित्रं, आणि हातात तो माऊस, जो सारखा टेबलाच्या कडेला जाऊन अडायचा. नव्या मराठी प्रोग्राममध्ये तर अक्षरांच्या जागाच बदललेल्या. सावद्याच्या केळीवाल्यांची पत्रिका होती. त्यातलं नवरदेवाचं आडनाव मी दुपारभर हुडकत बसले. भाऊ म्हणाले, "अक्का, लग्नसराईच्या आत जमवा. नाहीतर तुम्ही घड्यांना बसा, मी दुसरी मुलगी बघतो." माझं डोकंच फिरलं. मशीन बसवायला जळगावहून आलेल्या मेकॅनिकला मी धरलं. म्हटलं, "माझी काळी पाटी याच्यात घाल."

"मावशी, ते जुनं झालं आता."

"मी पण झालेय. घाल."

त्याने जुन्या मशीनमधलं बठ्ठं, होतं नव्हतं ते सगळं, यात उतरवून घेतलं. आधी नुसती हाताएवढी काळी चौकट उघडली, अक्षर काही दिसेना. त्याने डोकं खाजवलं, दोन बटणं एकदम दाबली, आणि ढग गेले, आभाळ गेलं, सगळा पडदा काळा! माझी बोटं माझ्याआधी पळत सुटली. संध्याकाळपर्यंत केळीवाल्यांचे काका, मामा, आत्याचे यजमान, एकूण एक भाऊबंद पत्रिकेत बसले. भाऊंनी सगळी नावं दोनदा तपासली. मी म्हटलं, "आता बघा दुसरी मुलगी."

पण रोज सकाळी नवं मशीन कुरकुर करायचं. निळा पडदा आणायचं आणि स्वतःलाच तपासत बसायचं. भाऊंना वाटलं, खराब मशीन गळ्यात मारलं. मेकॅनिकला परत बोलावलं. तो संध्याकाळी माझ्यामागे उभा राहिला. मी प्रोग्राम बंद केला, चार अक्षरं टाकली, हात जोडले, बटण बंद.

"मावशी! रोज असंच करता?"

"मग? नाना सांगून गेलेत."

"अहो, वरची पाटी निजली, पण खालचं आभाळ जागंच आहे ना! त्याला तसंच बंद करता, म्हणून ते सकाळी कुरकुरतं."

भाऊ इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग त्या आभाळाला निजवायचं कसं, ते मला माऊस धरून शिकावं लागलं. माऊस धरायला आला, तेव्हा इकडेतिकडे दाबून बघायला लागले. तुम्हाला जे नको होतं, तेच.

माझी खुर्ची राहिली. भाऊ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, आमच्या अक्का नानांच्या प्रोग्रामशिवाय काम करत नाहीत. मी मान हलवायचे. पण नव्यात पत्रिका छापायच्या आधीच कागदावर दिसेल तशी पडद्यावर दिसते, नवरीचं नाव माऊसने ओढून मोठं करता येतं. भाऊ जेवायला गेले की मी तेच उघडून बसायचे, आणि पायऱ्यांवर त्यांची चप्पल वाजली की दोन बटणं दाबून पडदा काळा करायचे.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, तेच बरं. एवढं भांडून तुमची पाटी ठेवून घेतली, नाना, पण मला नवीनच जास्त आवडलं.