क्लच आणि डावा पाय

४ फेब्रुवारी, सकाळी
निर्णय घेतला. क्लच बदलायचा नाही. निदान एवढ्यात नाही.

मेकॅनिक काल गाडी फिरवून आला आणि उतरल्या उतरल्या म्हणाला, साहेब, क्लच संपला, लगेच बदलून टाका. लगेच! घाईत घेतलेला निर्णय हा निर्णय नसतो, तो घाबरटपणा असतो, हे मी आयुष्यभर व्यासपीठावरून सांगत आलो. त्यालाही सांगितलं. तो इतका खूश झाला की मोबाइल काढला. म्हणाला, परत बोला साहेब, घरी ऐकवतो. परत बोललो. क्लचचा विषय तिथेच मिटला.

शिवाय २६ तारखेला मोठ्या सभागृहात माझं व्याख्यान आहे. विषय : निर्णय. दारापर्यंत चढणारा रॅम्प, पायऱ्यांवर लोक, आणि त्यांच्यासमोर माझी लाल, दोन सीटची स्पोर्ट्स कार. तिच्यातून उतरणं हेच भाषणाचं पहिलं वाक्य. क्लचसाठी गिअरबॉक्स खाली उतरवला आणि तो वेळेत परत चढला नाही तर? रिक्षातून उतरून निर्णयावर बोलू?

६ फेब्रुवारी
इंटरनेटवरून एक चाचणी शोधली. हँडब्रेक ओढायचा, चौथा गिअर टाकायचा, क्लच हळूहळू सोडायचा. इंजिन बंद पडायला हवं म्हणे.
पडलं नाही. गुरगुरत राहिलं. इतकं दणकट इंजिन!
मेकॅनिकला फोन करून ही आनंदाची बातमी दिली. गिअर चौथाच होता ना, हे त्याने दोनदा विचारलं. मग म्हणाला, साहेब, पडायलाच हवं होतं. म्हटलं, इतरांची पडत असतील.

९ फेब्रुवारी, संध्याकाळी
पुलाच्या चढावर सिग्नलला उभे होतो. बायको म्हणाली, काहीतरी जळतंय. मी म्हटलं, तो बॅटरीचा कारखाना. ती म्हणाली, कारखाना केव्हाच बंद पडलाय.
चढावर हँडब्रेक मी लावत नाही. एक पाय ॲक्सिलरेटरवर, एक अर्ध्या क्लचवर, गाडी मध्येच तरंगत ठेवायची. ना पुढे, ना मागे. ही कला आहे. हँडब्रेक म्हणजे शरणागती.
बायको फिजिओथेरपिस्ट आहे. माणसांचे सांधे बघायची सवय. आज पूर्ण वेळ तिचं लक्ष रस्त्याऐवजी माझ्या पायाकडे. कारण कळलं नाही.

१२ फेब्रुवारी
कारण सापडलं! म्हणजे क्लचचं.
लेक गाडी शिकतेय. ती नर्स आहे. अंथरुणाला खिळलेल्या लोकांकडे घरी जाऊन त्यांची शुश्रूषा करायचं काम तिला हवंय, आणि त्याला लायसन्स लागतं. २ मार्चला टेस्ट. एरवी आईच्या छोट्या गाडीवर शिकते, पण माझीही दोनदा नेली होती. मेकॅनिकला सहज म्हटलं, मुलगी शिकतेय ना. तो लगेच म्हणाला, हां, मग बरोबर आहे साहेब. इतक्या चटकन पटलं त्याला, की मलाही पटलं.
घरी लेक म्हणाली, बाबा, मी फक्त बाजारापर्यंत नेली होती. तेही चढावर हँडब्रेक लावून. मी मोठ्या मनाने म्हटलं, अगं, शिकताना व्हायचंच, माफ केलं तुला.
ती चहा तसाच ठेवून उठली.

१५ फेब्रुवारी
डावी पोटरी दुखते. तासन् तास उभं राहून बोलण्याचा परिणाम. बायकोने दाबून पाहिली आणि विचारलं, डावीच का रे? भाषण एका पायावर करतोस?
मेहुण्याचा फोन आला. त्याला क्लचचं सांगितलं. म्हणजे लेकीचं. तो हसला. न्हाव्यालाही सांगितलं. तोही हसला. गोष्ट चांगली जमतेय.

१९ फेब्रुवारी
वाचनालयात छोटं व्याख्यान. ओघात बोलून गेलो, घरात कोणी गाडी शिकत असलं की क्लच आणि बाप दोघंही झिजतात. एकच हशा पिकला. सगळ्यात जास्त टाळ्या मेकॅनिकच्या. हल्ली तो प्रत्येक व्याख्यानाला येतो.
मग तिसऱ्या रांगेकडे नजर गेली. लेक. हॉस्पिटलमधल्या दोन मैत्रिणींना घेऊन आली होती. आमचे बाबा कसे बोलतात ते ऐका, असं सांगून आणलं असणार.
तीही हसली. सगळ्यांचं हसून झाल्यावर.
पुढचं भाषण कसं झालं, आठवत नाही. लोक छान झालं म्हणाले.

२१ फेब्रुवारी
बायको सांगत होती, लेक टेस्टला जाणार नाही म्हणतेय.  म्हणते, कोणाची तरी गाडी मोडून ठेवीन, त्यापेक्षा वॉर्डातच बरी.
ताबडतोब तिच्या दारापाशी जाऊन भीती या विषयावर बोललो. इतिहासातले दाखले दिले. आवाज उत्तम लागला होता. आतून आवाज आला, बाबा, झालं का?
झालं म्हटलं.

२३ फेब्रुवारी
सपाट रस्ता. समोर कोणी नाही. बायकोने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांनी बरं वाटलं.
ती म्हणाली, काढ.
काय काढू?
पाय काढ, म्हणाली, क्लचवरून.
खाली पाहिलं. डावा पाय पेडलवर. कधी ठेवला, ठाऊक नाही. ती म्हणाली, घरापासून इथपर्यंत तो तिथेच आहे. पोटरी त्यानेच दुखतेय आणि क्लचही त्यानेच गेलाय. आणि ती तुझी चढावरची कला.  उतरताना म्हणाली, पोरीला सांग.
सांगणार आहे. पण २६ नंतर. मोठ्या भाषणाआधी मन ढवळलं की आवाज बसतो. क्लचही २६ नंतर. दोन्ही कामं एकदमच उरकू.
हे पान फाडावं का?

२६ फेब्रुवारी, घरी आल्यावर
पायऱ्यांवर गर्दी. संयोजक गुच्छ घेऊन उभे. मेकॅनिक सगळ्यांत पुढे, मोबाइल उगारून. रॅम्पच्या मध्यावर पुढची गाडी थांबली म्हणून मीही थांबलो. अर्थात कलेने.
पुढची गाडी गेली. ॲक्सिलरेटर दिला. इंजिनाने अशी डरकाळी फोडली की पायऱ्यांवर टाळ्या पडल्या. आणि गाडी मागे जायला लागली. हळूहळू. पूर्ण जोरात गर्जत, मागे. खालून धूर.
पहिल्यांदाच हँडब्रेक ओढला.
वरून मेकॅनिक अत्यंत आदराने ओरडला, साहेब, घाईत निर्णय घेऊ नका!
गुच्छ बाजूला ठेवून संयोजकांनी गाडी ढकलली.

पण मला लिहायचंय ते हे नाही. अध्यक्ष माझी ओळख करून देताना म्हणाले, गाडीचं मनावर घेऊ नका, यांच्या कन्येची करामत आहे. सभागृह हसलं. माईक माझ्या हातात आला. बायको पहिल्या रांगेत, मांडीवरच्या पर्सकडे बघत होती. एक वाक्य पुरेसं होतं. वाक्यांवरच मी जगतो.
मी म्हटलं, हो ना.
मग निर्णय या विषयावर भरपूर बोललो. कोटाला जळका वास येत होता.

२८ फेब्रुवारी
गाडी टोचन करून गॅरेजला गेली होती. आज बघायला गेलो. बायकोच्या छोट्या गाडीतून. चालवायला लेक. आईने काय सांगून तिला बसवलं, कोण जाणे. शेजारी आई, मागे गुडघे पोटाशी घेऊन मी. पुलाच्या चढावर सिग्नल लागला. लेकीने हँडब्रेक ओढला. गाडी जागच्या जागी. मग सुटलीही अलगद. मी मागे बसून डाव्या पायाने गाडीचा तळ दाबत होतो.
मेकॅनिकने जुनी क्लचप्लेट हातात दिली. काळीनिळी, गुळगुळीत. लेकीकडे बघत हसून म्हणाला, ताई, केवढा राग काढलात हो बिचारीवर!
काल दिवसभर मी कबुलीचं भाषण रचलं होतं. प्रस्तावना, आत्मपरीक्षण, समारोप. त्यातला एकच शब्द तोंडातून निघाला.
मी.
मेकॅनिकचे डोळे पाणावले. म्हणाला, लेकीवरचं सगळं स्वतःच्या अंगावर घेतलंत साहेब, बाप असावा तर असा. मोबाइल काढला. म्हणाला, परत बोला.
म्हटलं, अरे, खरंच मी. आणि तो जोक खोटा होता. आणि परवाचं हो ना, तेही.
तो लेकीकडे बघू लागला. ती म्हणाली, हो काका, बाबाच.
त्याने मोबाइल खिशात ठेवला. हात स्वच्छच होते, तरी पुसत बसला.
लेक खदखदून हसली. या वेळी सगळ्यांच्या आधी. मग हसता हसता रडायला लागली आणि म्हणाली, बाबा, हे इथे नाही, तिथे सांगा. माईकवर.

२ मार्च, सकाळी
लेक आईबरोबर टेस्टला गेली. मी येऊ का विचारलं. म्हणाली, नको बाबा, तुम्ही बोलाल.
वाचनालयात फोन केला. म्हटलं, पुढच्या आठवड्यात दहा मिनिटं हवीत, एक दुरुस्ती सांगायची आहे. ते म्हणाले, पुढचा आठवडा कशाला, आजच सभा आहे, संध्याकाळी या.
आज म्हटल्यावर घसा दुखायला लागला. म्हटलं, विचार करून कळवतो. घसा दुखतोय हे बायकोला फोन करून कळवलं, आजच्या सभेसकट.

दुपारी
खाली छोटी गाडी थांबली. हँडब्रेक ओढल्याचा आवाज इथपर्यंत आला. मग तिचा आवाज, बाबा, पास!
मग हॉर्न. मग, चला, मी सोडते वाचनालयात.
सभा संध्याकाळी आहे, आत्ताशी दुपार आहे, असं खिडकीतून ओरडून सांगितलं.
ती म्हणाली, माहितीये. तुम्हाला निघायला वेळ लागतो.