ताई सगळ्याला हो म्हणते

४ फेब्रुवारी
ताई शुद्धीवर आली! मेंदूज्वर — जंतू रक्तातून थेट मेंदूच्या आवरणात शिरलेले. काल डॉक्टर म्हणाले होते, "मनाची तयारी ठेवा." आज डोळे उघडून हसली माझ्याकडे बघून. मी जिन्यात जाऊन पोटभर रडले.

१५ फेब्रुवारी
घरी आणलं. निघताना धाकट्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मावशी, काही त्रास होतोय का?" ताई नुसती हसली. मीच म्हटलं, "नाही नाही, ठणठणीत आहे." मागे रांग केवढी! चालताना भिंत धरते. अशक्तपणा असणार.

२१ फेब्रुवारी
तोंडाचा पट्टा बंद! भाजी अळणी झाली — हो. गिऱ्हाइकाचं कापड मी तिरकं कापलं — त्यालाही मान डोलावली. बोलते थोडंच, पण केवढ्यांदा! शेजारीण म्हणाली, "तापानं वाघाची शेळी केली की गं!" दोघी हसलो. खरं सांगू? बरं वाटतंय. या घरात पहिल्यांदाच मोकळा श्वास घेतेय.

२ मार्च
आज सांगून टाकलं. आई गेल्यावर तू मला शाळेतून काढलंस, मशीनवर बसवलंस, तो राग अजून गेला नाही म्हणून. किती वर्षं ओठांवर होतं! खाली मान घालून बटणं लावत होते, लावता लावता बोलत सुटले. वाटलं, आता कात्री भिरकावते. तिनं हात हातात घेतला, थोपटला. बस्स. मन पिसासारखं हलकं झालं.

९ मार्च
रोज बोलते आता तिच्याशी. काय काय साठलं होतं!

१९ मार्च
दुकानात ताई मशीनवर. खालचा दोरा संपलेला, बॉबिन रिकामी खडखडतेय, ही शिवतेच आहे! माझ्या मशीनचा आवाज जरा बदलला तरी आतल्या खोलीतून ओरडायची पूर्वी. मागून हाक मारली. पुन्हा मारली. पत्र्याचा डबा आपटला. गिऱ्हाईक दचकलं. ताई नाही.


२१ मार्च
कानाचे डॉक्टर. बंद खोलीत तपासणी, मग आतले फोटो. दोन्ही कान गेले. तापातच गेले. कानाच्या आतल्या शंखात आता हाड भरलंय. "लगेच आणलं असतं तर यंत्र बसवता आलं असतं. आता यंत्राची तार आत जायला वाटच नाही. तोल जात होता ना? तीही त्याचीच खूण. घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"
काय सांगणार? ती गप्प होती ते मला गोड लागलं म्हणून?

२२ मार्च
कागदावर लिहून विचारलं — कधीपासून?
"डोळे उघडले तेव्हापासून," सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.
पुन्हा लिहिलं — मग बोलली का नाहीस!
"लहानपणीसारखी घडाघडा बोलायला लागली होतीस. म्हटलं, कळलं तर थांबशील."
मग कागद माझ्याकडे सरकवला. "आता लिही बघू. काय सांगत होतीस गं एवढं?"