गॅरेज दादाला दिलंत तेव्हा

अप्पा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी राग जात नाही. म्हणून लिहायला बसले.

आई गेल्यावर मला घरी एकटीला ठेवायचं नाही, म्हणून तुम्ही आग्रा रोडवरच्या आपल्या गॅरेजात बसवलंत आणि रिकामी बसू नये म्हणून शिकवलंत. प्लग काढायचा, रंग बघायचा. काळाकुट्ट असला तर पेट्रोल जास्त, पांढराफटक असला तर हवा जास्त, विटकरी असला तर गाडी सुखात. सगळं हातचं न राखता दिलंत, ते मी नाकारत नाही.

ती डॉक्टरांची गाडी आठवते? काळा धूर ओकायची, चढ आला की धापा टाकायची. दादानं कार्बोरेटर खोलून पुन्हा जोडला, तुम्ही स्क्रू पिळत बसलात, धूर तसाच. मी प्लग बघितले, चारही काळे. मग चोकची तार बघितली. बटण आत ढकललं तरी झडप अर्धी मिटलेलीच! हवा जाणार कुठून? तार सोडवली आणि गाडी एका लयीत चालू लागली. डॉक्टर विचारतात, "कुणी शोधलं हो?" मी हात पुसत पुढं येतेय, आणि तुम्ही म्हणता, "आमच्या पोरानं." दादा पुढं होऊन डॉक्टरांना किल्ली देतो. वर जेवताना मलाच, "लय शहाणी झालीस. गिऱ्हाईकासमोर बॉनेटात डोकं घालायचं नाय. स्थळ आलं तर काय सांगू, पोरगी मेकॅनिक हाय?"

गॅरेज मला द्या, असं मी तोंड उघडून मागितलं होतं. तुम्ही ते दादाला दिलंत आणि मला सटाण्याला. दसऱ्याला पान्यांना हळदकुंकू वाहायला मात्र माझेच हात चालायचे. वा रे न्याय! दादानं पाच वर्षांत गॅरेजला कुलूप लावलं.

परवा मुलाची गाडी थरथरायला लागली. मेकॅनिकनं मशीन लावलं, पडद्यावर सेन्सरची तक्रार आली, हवा जास्त. नवा सेन्सर बसवला, थरथर तशीच. मी वाकून कान लावला. बारीक सूं सूं. रबरी नळी चिरली होती आणि तिथून फुकटची हवा आत जात होती. जुना सेन्सर बिचारा खरंच सांगत होता. मेकॅनिक म्हणाला, "काकू, कुणी शिकवलं हो तुम्हाला?"

"वडिलांनी" हा शब्द अगदी ओठांवर आला होता, अप्पा. मी म्हटलं, "कुणी नाही." घरी येऊन रडले. पण पुन्हा कुणी विचारलं, तरी हेच सांगेन.