डब्याला बांधलेली सुतळी

३ मार्च

जुना पेट्रोलचा डबा खालून गळायला लागला. शेडभर वास! बाजारातून नवा आणला, येताना भरूनच. जुन्याची सुतळी हरवायला नको म्हणून सोडून नव्याच्या मुठीला बांधून ठेवली. मग जेवायला बसलो.

बागवाल्याचा निरोप आलाय — वादळात पडलेला बुंधा कापून द्याल का? आडवा पडलाय तरी कमरेइतका उंच. त्याची नवीकोरी करवत अर्ध्यातच अडकली म्हणे. हसू आलं. आमची थोरली कशाला आहे!

४ मार्च

शेडमध्ये अकरा करवती, सगळ्या इंजिनाच्या, सगळ्या जुन्या. ही म्हणते, अकरा सवती आणून ठेवल्यात! थोरली त्यांतली सगळ्यात मोठी. बंद पडलेल्या वखारीतून भंगारात निघाली होती, ती मी आणि दादाने उचलून आणली. एक जण इंजिनाकडे, दुसरा पात्याच्या टोकाच्या मुठीला. एकट्यादुकट्याचं काम नाही. टोकाला कायम दादाच.

आता दादा विसरतो. चहा घेतला ते विसरतो. वहिनीला जाऊन सहा वर्षं झाली तेही विसरतो, आणि मग नव्याने कळल्यासारखा रडतो. पात्यापाशी त्याला उभं करवत नाही. एकच काम त्याच्याकडे ठेवलंय — पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं. वीस मापं पेट्रोल, एक माप तेल. तेल पडलं की डब्याला सुतळी. सुतळी नसेल तर त्या डब्याला हात लावायचा नाही. हा नियम त्याचाच. हे काम मात्र तो विसरत नाही. सकाळी तेवढ्यासाठी अंघोळ करतो, बटणं नीट लावतो, आणि शेडमध्ये जातो.

६ मार्च

थोरली गेली.

बागेत मी डबा उचलला तर दादा म्हणाला, "ही सुतळी मी कधी बांधली रे?"

मला घाई. बागवाला टोकाची मूठ धरून उभा. म्हटलं, "तूच बांधणार, दुसरं कोण?" आणि टाकीत ओतलं.

चौथ्या कापाला तिचा आवाज चिरकला आणि एकदम बंद. दोर ओढला — हलेना. डबा बघितला. नुसतं पेट्रोल! तेलाचा थेंब नाही. पिस्टन आत चिकटला.

ओरडलो त्याच्यावर. चारचौघांत. एक काम होतं, तेही तुला जमत नाही, असं म्हणालो. आणखी काय काय बोललो ते लिहवत नाही.

तो एवढंच म्हणाला, "माझंच चुकलं असेल."

७ मार्च

शेडला कुलूप. किल्ली माझ्या खिशात.

१५ मार्च

दादा रोज सकाळी कुलूप हातात धरून उभा राहतो. ओढत नाही, नुसता धरतो. ही म्हणाली, उघडा हो, घटकाभर बसू दे भाऊजींना. मी नाही म्हटलं. उद्या आग लावली तर? — खरं कारण ते नव्हतं. राग होता.

२ एप्रिल

आता शेडकडे जात नाही. अंथरुणातून उठतच नाही. शर्टाची बटणं वरखाली. डॉक्टर म्हणाले, आजार फार झपाट्याने पुढे गेलाय. रोजचं काही काम होतं का यांना, असं विचारलं. मी म्हटलं, तसं काही नाही.



११ एप्रिल

दादाला भरवायला गेलो. म्हणाला, "आपण कोण?"

मला! आपण!

१२ एप्रिल

मिस्त्रीने थोरली खोललीय. नक्की कधी बंद पडली म्हणून विचारत होता. तारीख बघायला मागची पानं चाळली. ३ मार्च. सुतळी मी बांधली होती.

दादाच्या उशाशी बसून सगळं सांगितलं. दोनदा सांगितलं. त्याने माझा हात थोपटला.

"असू दे रे," म्हणाला. "पण तेल घातलंस ना?"