शनिवारचा दरबार

आबा, बाबा आता मशीनला लावलेले असतील. आठवड्यातून तीन दिवस सकाळी व्हॅन येते, त्यांना डायलिसिसला नेते आणि दुपारी उसासारखं पिळून, चिपाड करून परत दारात आणून सोडते. दीड वर्ष झालं. महिन्याभरापूर्वी त्यांनी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, आता पुरे, मला हे थांबवायचंय. बाईंनी शांतपणे समजावलं की थांबवलं तर एखाद-दोन आठवडेच हाताशी राहतील, पण तुमची बुद्धी शाबूत आहे, निर्णय तुमचा, हवं तर सही करा. बाबा म्हणाले, "आय विल आस्क माय डॉटर." मुलीच्या परवानगीची गरज नाही, असं बाईंनी दोनदा सांगून पाहिलं. "इन माय हाऊस, वी आस्क," असं म्हणून बाबांनी पेन परत केलं. बाईंना वाटलं म्हातारा घाबरलाय, आणि त्यांनी मला बाजूला घेऊन एका समुपदेशकाचा नंबर दिला. त्यांना मी काय सांगणार, की हा सगळा तुमचा उपद्व्याप आहे? आमच्या घरात जाणाऱ्याने परवानगी मागायची ही रीत तुम्ही घालून दिलीत, आणि ती माझ्याकडे मागायची हेही तुम्हीच ठरवलंत. मी तेव्हा नऊ वर्षांची होते.

तुम्ही इथे परदेशात, शुगर लँडला आलात ते आजी गेल्यानंतर. आजीच्या वेळी बाबा पोचले चौथ्या दिवशी, आणि तिथेच त्यांनी मनाशी पक्कं केलं की पुन्हा असं होऊ द्यायचं नाही. घराला कुलूप लावून त्यांनी तुम्हाला इथे आणलं आणि तुमचा पासपोर्ट बँकेच्या लॉकरमध्ये नेऊन ठेवला. "सेफ राहील," म्हणाले. कृष्णाकाठच्या गावचं सरपंचपद वर्षानुवर्षं सांभाळलेला माणूस एका दिवसात माझ्या खोलीतल्या दुसऱ्या पलंगावर आला. सकाळी तुम्ही धोतर-टोपी घालून फिरायला निघायचात आणि ज्या रस्त्यावर कुत्र्याशिवाय कुणी पायी चालत नाही, तिथे दर दोन मिनिटांनी एखादी गाडी थांबून तुम्हाला विचारायची, तुम्ही हरवला आहात का. तुम्हाला प्रश्न कळायचा नाही. तुम्ही हात जोडून "राम राम" म्हणायचात. घरी येऊन आईला म्हणायचात, "माणसं चांगली हायत गं, पण एकबी खाली उतरत न्हाई." आई हसायची आणि मग ओट्याकडे वळून बराच वेळ काहीतरी पुसत राहायची.

आणि मग ती मालिका सुरू झाली. शनिवारी सकाळी लागायची. समुद्रकाठचा एक किल्ला, जो मला तेव्हाही पुठ्ठ्याचा वाटायचा, त्यात पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा राजा आणि त्याचा नातू. मधल्या पिढीचा मुलगा, म्हणजे त्या नातवाचा बाप, कुठल्यातरी जादूच्या देशात निघून गेलेला, म्हणून राज्य थेट नातवाकडे जाणार. आजोबा त्याला राज्य करायला शिकवतोय, दर भागात एक धडा. तुम्ही आंघोळ, पूजा आटपून, सोफ्यावर मांडी घालून, पंचायतीच्या बैठकीला बसावं तसे बसायचात. माझं मराठी घरापुरतं, तुमचं इंग्रजी 'थँक्यू'पुरतं. "आबा, तो ग्रँडफादर सांगतोय की किंगने कधी घाबरायचं नाही." तुम्ही पडद्याकडे बोट रोखून म्हणालात, "ह्यो म्हातारा लई बोलतो. आणि चुकीचं बोलतो. ज्याला कशाचंच भ्या न्हाई त्याच्या हाती गाव देऊ नये, पोरी. बैलबी देऊ नये." पुढच्या शनिवारी त्याने नातवाला घोड्यावर बसवलं, त्याच्या पुढच्या शनिवारी तलवार दिली, मग वाऱ्याशी बोलायचा मंत्र दिला. तुम्ही वैतागलात. "ह्या पोराला सगळं शिकवत्यात, पण गावात आज कोण उपाशी झोपलं ते बघाया शिकवत न्हाईत. ऊठ, टीव्ही बंद कर. तुला मी शिकवतो."

असा आपला दरबार सुरू झाला. सोफा हे सिंहासन, आईची जुनी पैठणी खांद्यावर. मी म्हटलं, आबा, मी मुलगी आहे, मी क्वीन होणार. तुम्ही म्हणालात, राणी राजाच्या शेजारी बसती, तू मधी बस. मग त्या दिवशीचा भाग संपला की घरातल्या तक्रारी माझ्यासमोर यायच्या. आई यायची, पदर खोचून, हसू दाबत: "महाराज, या घरात पाण्याच्या बाटल्या भरून फ्रिजमध्ये ठेवणारी मी एकटीच आहे." बाबांना दरबार म्हणजे पोरखेळ वाटायचा. तेलाचे भाव पडले होते, त्यांच्या तेलकंपनीच्या ऑफिसातली माणसं एकेक करून खोक्यात सामान भरून घरी जात होती, आणि शनिवारीही ते कागद पसरून बसलेले असायचे. तरी तुम्ही त्यांना बोलावून उभं करायचात. तुमचे नियम ठरलेले: जो आवाज चढवत नाही त्याचं आधी ऐकायचं. भुकेल्या माणसांचा निवाडा करायचा नाही, आधी दोघांच्या पोटात काहीतरी घालायचं. आणि निवाडा झाला की हरलेल्याच्या घरी आपण होऊन जायचं. "जिंकलेला येतोय आपल्या पायानं पेढं घेऊन. हरलेल्याकडं कोण जाणार?" बाटल्यांच्या खटल्यात बाबा हरले, तेव्हा तुम्ही मला ढकलून त्यांच्या टेबलापाशी पाठवलंत. बाबांनी कागदांवरून मान वर केली, माझ्या खांद्यावरची ती घसरणारी पैठणी पाहिली आणि त्या अख्ख्या महिन्यात पहिल्यांदा हसले.

मालिका मध्येच बंद पडली. पुढच्या शनिवारी त्या जागी कुठलंतरी कार्टून आलं. तुम्ही मला तीन वेळा चॅनल फिरवायला लावलंत. मी सांगितलं, आबा, शो कॅन्सल केला, लोक बघत नव्हते. "म्हंजे पोराला राज्य मिळालंच न्हाई?" तुमचा विश्वास बसेना. म्हातारा राजा तसाच किल्ल्यात, पोरगं अर्धवट शिकलेलं, आणि माणसं दिवे मालवून घरी गेली, हे तुम्हाला फारच लागलं. त्यानंतर तुमचं जेवण कमी झालं. सकाळचं फिरणंही बंद झालं. माझ्या खोलीच्या खिडकीतून शेजाऱ्याच्या हिरवळीवर फिरणारं फवाऱ्याचं पाणी पाहत बसायचात. दोनदा तुम्ही बाबांकडे पासपोर्टचा विषय काढलात, दोनदा बाबा म्हणाले, "आबा, तिथे तुम्हाला कोण आहे?" तिसऱ्यांदा तुम्ही बाबांना विचारलंच नाही. तुम्ही दरबारात आलात.

तो शनिवार मला आजही लख्ख दिसतो. बाहेर हवा अशी चिकट, की काचा आतून थंड आणि बाहेरून घामेजलेल्या. तुम्ही टोपी नीट करता, माझ्यासमोर येऊन उभे राहता, आणि तुमच्या चेहऱ्यावर खेळातलं हसू नाही. "महाराज, मला माझ्या गावी जायचं हाय. मरायच्या आधी. परवानगी द्यावी." आईच्या हातातलं फडकं थांबतं. बाबा टेबलावरून ताडकन उठतात. "आबा, हे काय? तिला कशाला मध्ये घालताय? शी इज नाइन!" तुम्ही मान वळवतच नाही. मी घाबरते, मला रडू येणार असतं, आणि मग मला तुमचाच नियम आठवतो. मी सिंहासनावरून उतरते, दोन बाऊल घेते, खोक्यातलं नाश्त्याचं सिरियल ओतते, दूध ओतते, एक तुमच्या हातात देते, एक बाबांच्या. "आधी खा," मी म्हणते. आणि दोन मोठे पुरुष, एक सरपंच आणि एक इंजिनिअर, माझ्यासमोर उभे राहून मुकाट्याने रंगीत सिरियल खायला लागतात. आजही कुणाला सांगितलं तर लोक हसतात. मला हसू येत नाही. कारण तिसऱ्या-चौथ्या घासाला बाबांचा चमचा थांबला आणि ते बोलले, आणि जे बोलले ते मी त्यांच्या तोंडून कधीच न ऐकलेल्या बोलीत, तुमच्या बोलीत: "मी निघालो तवा तुम्ही माझ्याकडं बघितलंबी न्हाई, आबा. भिंतीकडं तोंड करून बसलात. मी उंबऱ्यात उभा होतो, नुसतं 'जा' म्हणा म्हणून. आईनं गाडीपतोर आणून सोडलं. आणि आज तुम्ही परवानगी मागताय?"

तुम्ही बाऊल खाली ठेवलंत. "व्हय," म्हणालात. "तवा दिली न्हाई. म्हणून तर आज तिच्याकडं मागतोय. तुझ्याकडं कुठल्या तोंडानं मागू?"

मी विचारलं, "आबा, परत येणार?" तुम्ही राजाशी खोटं बोलला नाहीत. "न्हाई," म्हणालात. मला मरण म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. तुम्ही जेवत नाही, एवढं ठाऊक होतं. मी म्हटलं, "जा."

बाबा गॅरेजमध्ये निघून गेले. मी नियमाप्रमाणे मागोमाग गेले. ते बंद गाडीत, त्या उकाड्यात, स्टिअरिंगवर कपाळ टेकवून बसले होते. मी शेजारच्या सीटवर जाऊन बसले. बऱ्याच वेळाने त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "करेक्ट दिलास न्याय." सोमवारी ते बँकेत गेले. तुम्ही गेलात, आणि पुढच्या वर्षी, ऊस तोडणीला आलेला असताना, तुम्ही कायमचे गेलात. बाबा या वेळीही वेळेवर पोचले नाहीत. त्यांनी मला एकदाही, रागाच्या भरातसुद्धा, त्यावरून बोल लावला नाही. उलट मंडळाच्या गणपतीत, कुणाच्या मुंजीत, माझ्या लग्नात तर माइक हातात घेऊन त्यांनी ती गोष्ट सांगितली: आमच्या घरात न्याय हिच्याकडे मागतात. मी मान खाली घालून हसायची. मला काय माहीत, आपला स्वतःचा अर्ज ते शेवटी माझ्याचकडे घेऊन येणार आहेत.

इतकी वर्षं मला तुमचा एका गोष्टीसाठी राग होता, आबा. त्या भिंतीसाठी. पोरगा सातासमुद्रापार निघालाय, उंबऱ्यात उभा आहे, आणि बाप मान वळवत नाही, हे मला निव्वळ अहंकाराचं वाटायचं. सरपंचाचा शब्द मोडला म्हणून रुसलेला सरपंच. या महिन्यात बाबांनी चार वेळा विषय काढला आणि चारही वेळा मी कपड्यांच्या घड्या करायला उठले, फोन वाजला नसताना फोन घेतला. आता मला त्या भिंतीचा राग उरलेला नाही. तुम्हाला हे कळवता आलं असतं तर बरं झालं असतं, पण हे कागद मी कुणाला देणार, व्हॅन यायच्या आत फाडूनच टाकावे लागतील.

आज सकाळी बाबा बूट घालून दाराशी बसले होते. त्यांना वाकता येत नाही, म्हणून मी खाली बसून नाड्या बांधत होते. वरून आवाज आला, "महाराज, अर्ज महिनाभर पडून आहे." हसत म्हणाले. मला ठाऊक आहे त्यांना काय होतं ते. रात्री पायात गोळे येतात, तोंडाला चव नाही, दंडावरच्या शिरा दोरखंडासारख्या झाल्यात. मला सगळं ठाऊक आहे. मी मान वर न करता म्हणाले, "नाही, बाबा." ते म्हणाले, "बरं." वाद नाही, गयावया नाही. उठले, काठी घेतली, ड्रायव्हरला गुड मॉर्निंग म्हणाले आणि व्हॅनमध्ये बसले. व्हॅन कोपऱ्यावरून वळली, मी दार लावलं. मला लाज वाटायला हवी होती, आबा. त्यांच्या हातात सुया जात असतील आणि मी इथे बसून गुरुवारी, ते पुढच्या खेपेहून परत आले की, त्यांच्यासाठी जेवायला काय करायचं याचा विचार करतेय, आणि मला आनंद झालाय.