पहिल्या ट्रॅकमधली खरखर

मंगळवार, दिनांक ११ मार्च २०२५, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी भाच्याने मला फोनवर सांगितले, "मावशी, अल्बमची नवी आवृत्ती काढतोय. तुझा पहिला ट्रॅक एकदम स्वच्छ करून घेतला. मागची सगळी खरखर गेली."

त्या खरखरीत त्याची आई होती, माझी धाकटी बहीण.

म्हणून मी, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त संगीतशिक्षिका, कोणाच्याही दबावाखाली नसताना हे मृत्युपत्र करीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. राग ताब्यात असल्याचा दाखला ते देत नाहीत.

१. भाच्याच्या प्रोग्रेसिव्ह रॉक बँडचा तो अल्बम शब्दांवाचून सुरू होतो. नुसती माझी पायपेटी. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी पायाने भाता चालवणाऱ्या पायट्याचा पट्टा तुटला. धाकटी जमिनीवर बसली आणि हातांनी भाता मारत राहिली. तिला लागलेला दम ऐकू येतो. शेवटचा सूर विझताना ती हळूच विचारते, "झालं का गं, ताई?" मग ड्रम सुरू होतात. पुढच्याच वर्षी ती गेली. तिचा आवाज आणखी कुठेही नाही.

२. राहते घर भाच्याला, मात्र मूळ आवाज जसाच्या तसा परत घातला तरच. नाहीतर ते माझ्या कॉन्व्हेंटला जावे. तिथल्या सिस्टरांनी मला ताठ बसायला आणि तोंडावर खरे बोलायला शिकवले. भाच्याला मी यातले एकही शिकवू शकले नाही.

३. ट्रॅक स्वच्छ करणारा साउंड इंजिनिअर म्हणाला, "आजी, तुम्हाला फरक कळणारसुद्धा नाही." त्याला माझे श्रवणयंत्र द्यावे, बॅटरीसकट.

४. पायपेटी बिनशर्त भाच्याला. पट्टा मी आजवर बदललेला नाही. वाजवायची तर कोणाला तरी खाली बसवावे लागेल. बसेल असे कोणी आहे का, ते त्याने पाहावे.

सही: मावशी
साक्षीदार: शेजारची निवृत्त नर्स, कोपऱ्यावरचा शिंपी
स्थळ: माझे जेवणाचे टेबल
दिनांक: १४ मार्च २०२५

ता. क. भाच्या, तू म्हणालास, "लोकांना नुसता दम ऐकू येतो गं." लोकांना येऊ दे. तुला काय ऐकू येते? मूळ टेप तुझ्याकडे आहे आणि रेकॉर्डची छपाई सोमवारी, २४ तारखेला सुरू होते. फोन करू नकोस, फोनवर तू फार गोड बोलतोस. शुक्रवार, २१ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळव: आई राहणार की नाही.